तिसऱ्यांदा विचारल्यावर

लहानपणी कुणाच्या घरी गेल्यावर मी पहिल्यांदाच हो म्हटलं, की मायचा हात माझ्या मांडीकडे यायचा. चिमटा असा काढायची की यजमानांना कळू नये आणि मला घरी येईपर्यंत विसरता येऊ नये. मंगरूळपीरला मावशीकडे गेलो की मावशी पोह्यांची बशी पुढे करायची. सकाळपासून मेथी खुडून माझ्या पोटात कावळे ओरडत असायचे. तरी मी बशीकडे न बघता म्हणायची, "नको मावशी, आताच जेवून आलो." आम्ही जेवून आलो नाही हे मावशीला ठाऊक, तिला ठाऊक आहे हे आम्हाला ठाऊक. मग ती पुन्हा विचारायची आणि मी पुन्हा नको म्हणायची. तिसऱ्यांदा मावशी खोटं खोटं रागवायची. मग 'बरं, थोडेसेच' असं म्हणून मी बशी घ्यायची आणि शेवटच्या शेंगदाण्यापर्यंत पुसून काढायची. एकदा मात्र पोह्यांवर खोबरं दिसलं आणि तोंडातून पहिल्याच फेरीत हो निघून गेलं. तो चिमटा मला पुढे बरीच वर्षं पोह्यांबरोबर आठवत असे.

आमचं घर शेलूबाजारच्या अलीकडे, मळ्याच्या कडेलाच. मेथी, पालक, वांगी, मिरची आणि सांभार. बाकीचा महाराष्ट्र त्याला कोथिंबीर म्हणतो हे मला फार उशिरा कळलं. पहाटे विहिरीवरची मोटार सुरू झाली की घर जागं व्हायचं. बाबा दांडातून पाणी फिरवायचे आणि आम्ही खुडायचो. मायच्या हाताखाली जुड्यांचा ढीग वाढत जायचा. माय मोठी सुगरण होती. भरीत असं करायची की वास रस्त्यापर्यंत जाऊन पाहुणे घेऊन यायचा. मग पाहुणे नको म्हणायचे आणि माय वाढायची. पाहुण्याने दोनदा नाही म्हणायचं आणि घरच्याने तीनदा विचारायचं, हा आमच्याकडे नमस्कार-चमत्काराइतकाच सरळ व्यवहार होता. एकदा विचारून थांबणारा माणूस चिंधी समजला जायचा. आता माझी सून विचारते, "आई, भात वाढू?" मी सवयीने नको म्हणते आणि ती पातेलं उचलून घेऊन जाते. पोरगी गुणाची आहे, पण तिच्या राज्यात मी चांगली बारीक झाले आहे.

हे सगळं आधी सांगायचं कारण आमच्या शाळेत आलेली डबीतली मॅडम. गावची शाळा आठवीपर्यंतच होती. मी आठवीत असताना कुठल्याशा संस्थेने शाळेला एक टॅब दिला आणि त्यात इंग्रजी बोलणारी एक बाई होती. म्हणजे बाई नव्हतीच, नुसता आवाज होता, पण तुम्ही बोललात की ती ऐकायची, उत्तर द्यायची, उलटा प्रश्न विचारायची. पुढे अशा आवाजांची काही नवलाई राहिली नाही, तेव्हा मात्र आम्ही पहिल्या दिवशी टॅबच्या मागे जाऊन पाहून आलो होतो. इंगोले सर आमचे वर्गशिक्षक. गणित, इतिहास, इंग्रजी, खिचडीची चव पाहणं, सगळं त्यांच्याकडेच होतं. त्यांचं इंग्रजी आमच्यापेक्षा दोनच धडे पुढे होतं, आणि हे ते स्वतःच हसत सांगायचे. त्यामुळे ही बाई आल्यावर सर्वांत जास्त आनंद त्यांना झाला. तिला वर्गात रेंज मिळत नसे. रेंज मिळायची ती अंगणात, हापशीजवळ. म्हणून इंग्रजीचा तास हापशीजवळ भरू लागला. सगळे गोल करून बसायचे आणि मधे उलट्या बादलीवर टॅब.

टॅबशी बोलायचा मान माझा. मी वर्गात हुशार होते असं मी इतकी वर्षं सांगत आले आहे. खरं कारण असं की भाजीबाजारात ओरडून ओरडून माझा आवाज मोठा झाला होता आणि हापशीच्या खडखडाटावरून तो तेवढाच डबीतल्या मॅडमपर्यंत पोचायचा. मॅडम विचारायची, चित्रातलं मांजर कोणत्या रंगाचं आहे. मी शेलूबाजारात मेथी विकावी तशा आवाजात सांगायची, काळं. ती लगेच म्हणायची, "एक्सलंट!" मांजर काळं असल्याबद्दल आयुष्यात कुणी माझं एवढं कौतुक केलं नव्हतं. घरी शाबासकी हा प्रकार नव्हता. काम चुकलं की बोलणी बसायची, आणि नाही चुकलं तर पुढचं काम मिळायचं. इथे मात्र तोंड उघडलं की एक्सलंट. एकदा कुणी बोललं नसताना नुसती हापशी करकरली आणि मॅडम तिलाही एक्सलंट म्हणाली. तेव्हाच मी शहाणं व्हायला हवं होतं. पण हापशीचं ते चुकून, माझं मात्र खरं, असा मी मनाशी हिशेब लावला.

प्रत्येक धडा संपला की मॅडम आधी इंग्रजीत आणि मग पुस्तकी मराठीत विचारायची, "पुढची पातळी करून पाहायला आवडेल का?" पहिल्या वेळी हा प्रश्न आला तेव्हा सगळे सावरून बसले. पाहुणीने स्वतःहून काहीतरी देऊ केलं होतं. आता लगेच हो म्हणायचं तर आम्ही काय उपाशी बसलो होतो? मी सगळ्यांकडे पाहिलं, सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि मी पुढे होऊन, चांगल्या घरच्या मुलीसारखी, म्हणाले, "नो, थँक यू, मॅडम." इंगोले सरांनी समाधानाने मान डोलावली. मॅडम म्हणाली, काही हरकत नाही, आपण पुन्हा सराव करू. आणि पुन्हा मांजर आलं. पुढच्या तासाला तिने परत विचारलं. पण ती नव्या दिवसाची पहिलीच वेळ होती, म्हणून पुन्हा नको. थोड्याच दिवसांत सगळा वर्ग एका सुरात, राष्ट्रगीतासारखा, 'नो, थँक यू, मॅडम' म्हणू लागला. मॅडम एका बैठकीत दुसऱ्यांदा विचारेल याची आम्ही वाट पाहत राहिलो. सर म्हणायचे, तिला अजून आपण तयार वाटत नसू, वाटलं की धरून बसेल. अख्खा हिवाळा गेला. आम्हाला ते काळं मांजर, तो लाल चेंडू आणि ते हिरवं झाड इतकं पाठ झालं, की हापशीवर पाणी भरायला येणाऱ्या बायाही घागर उचलताना मांजराचा रंग सांगायच्या.

घरी मी तोऱ्यात असायची. मोटार पहिल्या झटक्यात सुरू झाली की बाबा तिला एक्सलंट म्हणू लागले. वांग्याला कीड लागली नाही की तेही एक्सलंट. आमच्या मळ्यात फुकटची शाबासकी पहिल्यांदाच येत होती आणि ती मी आणली होती. माय मात्र सावध होती. ती एकदा जुडी बांधता बांधता म्हणाली, "रोजच भारी म्हनते तर कायले म्हनते ते? मी रोज भाजी भारी हाय म्हनलं तं गिऱ्हाईक येईन काय?" मी तिच्याकडे दयेने पाहिलं. माझा बेत तोवर ठरला होता. मी शिकणार, वाशीमला जाणार, तिथून पुढे कुठेतरी जाणार. कुठे ते माहीत नव्हतं. पण माझी चुलतबहीण आठवी झाल्यावर घरी बसली होती आणि दिवसभर जुड्या बांधायची. तिच्या शेजारी माझी जागा मोकळीच होती. बाबा नाही म्हणत नव्हते, नुसते 'पाहू' म्हणत होते. आमच्याकडे 'पाहू'मध्ये किती पोरी जिरल्या, त्यांची नावं मला घराघराने सांगता येतील. मला त्या जागेची फार भीती वाटायची.

उन्हं तापायला लागली तेव्हा पुण्याकडच्या एक मॅडम आल्या. या खऱ्या, माणसातल्या. टॅब कसे वापरतात ते बघायला त्या तालुक्यात गावोगाव फिरत होत्या. शिवाय वाशीमच्या एका निवासी शाळेसाठी नववीला मुली निवडायच्या होत्या. राहणं, जेवण, शिकणं सगळं तिथेच, खर्च संस्थेचा. हे सरांनी आम्हाला आदल्या दिवशी सांगितलं होतं. मला त्या दिवशी जेवण गेलं नाही. सकाळी मायने माझ्या वेण्या इतक्या घट्ट घातल्या की माझ्या भुवया दिवसभर वर राहिल्या आणि मी सगळा वेळ आश्चर्यचकित दिसत होते.

मॅडमनी टॅब पाहिला, अजून पहिलीच पातळी पाहून जरा थबकल्या, पण बोलल्या नाहीत. मग त्यांनी डबीतल्या बाईला गप्प केलं आणि स्वतःच माझ्याशी इंग्रजीत बोलायला लागल्या. घरी काय पिकतं, पाणी कोण देतं, बाजार कधी असतो. माझ्याकडे शब्द होते मांजराचे आणि चेंडूचे. पण इतके महिने एक्सलंट ऐकून माझी भीड पार मेली होती. जिथे शब्द संपले तिथे मी हाताने मेथी खुडून दाखवली, मोटारीचा आवाज काढला, वांग्याला हिरवं मांजर म्हटलं, आणि एकदाही खाली पाहिलं नाही. मॅडम हसल्या. सरांना म्हणाल्या, "शब्द कमी आहेत, पण ही घाबरत नाही. बाकीचं येईल." मग माझ्याकडे वळून मराठीत विचारलं, "वाशीमच्या शाळेत यायला आवडेल तुला?"

माझं काळीज हापशीसारखं वरखाली व्हायला लागलं. एवढी मोठी गोष्ट, इतक्या लोकांसमोर देऊ केलेली. मी मान खाली घातली आणि अगदी गोड आवाजात म्हणाले, "नको, मॅडम."

मॅडम म्हणाल्या, "काही हरकत नाही. जबरदस्ती नाही." आणि पर्सची चेन लावली. मी वाट पाहत उभी राहिले. त्या सरांशी उन्हाबद्दल बोलल्या, दुसऱ्यांदा विचारायच्या आधी माणूस बोलतो तसं. त्या फाटकाकडे चालू लागल्या, तेव्हा मला वाटलं, आता फाटकात वळतील. मावशीही बशी आत नेता नेता दारात वळायची. गाडीचं दार लागलं, गाडी सुरू झाली, धूळ हापशीपर्यंत आली. तेव्हाही मी चेहऱ्यावर 'बरं, थोडंसंच' असा भाव धरून उभी होते.

सर माझ्याकडे आले. त्यांना राग आवरत नव्हता. नाही काहून म्हणालीस, त्यांनी विचारलं. मी रडकुंडीला आले. "मी कोठी नाही म्हनलं, सर? मी तं एकदाच नको म्हनलं." त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग बादलीवरच्या टॅबकडे पाहिलं, आणि अख्खा हिवाळा आपण कसली वाट पाहत होतो, ते हळूहळू त्यांच्या चेहऱ्यावर उतरलं. ते खाली बसले, टॅब चालू केला, मांजराचा धडा भराभर संपवला. प्रश्न आला. सर इकडेतिकडे बघून, कुणी ऐकू नये अशा आवाजात म्हणाले, "येस." दुसरी पातळी निमूटपणे उघडली. त्यात दवाखाना होता, डॉक्टर होते आणि पोट कुठे दुखतं असा प्रश्न होता. आमच्यापैकी एकालाही उत्तर आलं नाही. मॅडमने पहिल्यांदाच एक्सलंट म्हटलं नाही.

मायला मी सगळं सांगितलं. आता चिमट्याहून मोठं काहीतरी येणार, अशी माझी तयारी होती. ती बराच वेळ जुड्या बांधत राहिली. मग तिने विचारलं, "तुले जायचं होतं?" मी म्हणाले, हो. "मंग नाही काहून म्हनलं?" मी म्हणाले, तूच तं शिकवलं. तिने हातातली जुडी खाली ठेवली. मला वाटलं ती रागावली. आज वाटतं, ती घाबरली होती. आयुष्यभर जी गोष्ट तिने मला चांगली म्हणून दिली, तिनेच माझं दार लावून घेतलं होतं.

दुसऱ्या दिवशी बाजाराचा दिवस असूनही ती बाजाराला गेली नाही. त्या मॅडम मंगरूळपीरला गटसाधन केंद्रात मास्तरांची सभा घेत होत्या, तिथून संध्याकाळी त्या वाशीमला परतणार, असं सरांनी सांगितलं होतं. माय आणि मी काळीपिवळीत बसलो. तिने ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं आणि मांडीवर वांगी आणि सांभाराची पिशवी होती. वाटेत ती एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत होती: "काही इचारलं तं हो म्हन. काही म्हनजे काही." मला वाटलं ती मला सांगते आहे. ती स्वतःलाच सांगत होती.

मॅडमनी आम्हाला ओळखलं, खुर्च्या दिल्या. बसल्या बसल्या सहज विचारलं, "चहा घेणार?"

"हो," माय म्हणाली. इतक्या मोठ्याने की शेजारच्या टेबलावरच्या कारकुनाने मान वर केली. सख्ख्या बहिणीच्या घरी तिसऱ्या आग्रहाशिवाय कपाला हात न लावणारी बाई. मला वाटलं, आता मीच तिला चिमटा काढावा. मॅडमनी विचारलं, बिस्किटं? हो. पाणी? हो. पंखा लावू का? हो. पंख्याने समोरचे कागद उडाले, ते तिने हाताने दाबून धरले, पण बंद करा म्हणाली नाही. चहाने तिच्या छातीत जळजळ व्हायची, तरी ती तो गरमागरम चहा औषधासारखा प्यायली. मग मॅडम माझ्याकडे बघून म्हणाल्या, पण काल तर ही नाही म्हणाली होती. माय कप खाली ठेवून म्हणाली, "मॅडम, आमच्याकडं पयलं नाही हे नाही नसते. दुसरंबी नसते. तुमी एकदाच इचारलं."

मॅडमनी पेनाचं टोपण काढलं. मग त्यांनी मला विचारलं, मी हो म्हणाले. घाईत जरा ओरडलेच. मायला विचारलं, मुलीला पाठवणार? हो. भेट कधीमधीच होईल, वरचेवर नाही, चालेल? इथे मायचं हो जरा उशिरा आलं, पण आलं. मॅडमनी माझं नाव लिहिलं आणि किटलीकडे हात नेत म्हणाल्या, "अजून थोडा चहा?" नाव लिहून झालं होतं, आता नको म्हणायला हरकत नव्हती. पण मायने कागदाकडे पाहिलं, शाई अजून ओली होती, आणि ती म्हणाली, "हो."

परतीच्या वाटेवर तिला ढेकरांवर ढेकर येत होते. शेलूबाजार जवळ आल्यावर ती म्हणाली, "तुह्यापायी आज मी हावरट झालो. त्या मॅडमले वाटलं असन, या बाईनं जलमात चहा नाही पाह्यला." मग लुगड्याचा पदर तोंडाला लावून हसायला लागली. गाडीतले लोक बघत होते आणि तिला थांबता येत नव्हतं. बाबांचं 'पाहू' त्या संध्याकाळी तिने आल्या आल्या संपवलं. काय बोलली ते मला ऐकू आलं नाही. एवढंच ऐकलं, की बाबा शेवटी एक्सलंट म्हणाले.

वाशीमच्या शाळेतही डबीतली मॅडम होती. तिथे मी तिला पहिल्याच दमात हो म्हणत गेले, पातळ्या चढत गेले आणि एक्सलंट ऐकायला मिळेनासं झालं. तिचा माझ्यावर राग नव्हता, माझाही तिच्यावर नाही. तिला कुणी मावशी नव्हती, एवढंच.

पण शाळेत सोडायला आले तो दिवस सांगायचा राहिला. बाबा काळीपिवळीत बसून होते, ड्रायव्हर घाई करत होता. फाटकाशी मायने माझ्या पिशवीचा बंद नीट केला. तिने विचारलं, "रडू येऊन राह्यलं काय वं?" मी नाही म्हणाले. आत माझ्याच वयाच्या मुली खिडकीतून बघत होत्या आणि मी वाशीमला आले होते, मी मोठी होते. तिने माझ्या वेण्या पाहिल्या, त्या आधीच घट्ट होत्या. तरी ओढून घट्ट केल्या आणि म्हणाली, "खरंच नाही?" मी म्हणाले, नाही वं माय, जाय तू. ती निघाली. गाडीजवळ पोचली, दारावर हात ठेवला. तिथून परत फिरून, पदर सावरत, रस्ता ओलांडून ती माझ्यापर्यंत आली.

"रडू येते काय?"

"हो," मी म्हणाले. ड्रायव्हर हॉर्न वाजवत राहिला आणि आम्ही दोघी फाटकातच बसून पोटभर रडलो.